विजेच्या देवाचा बाप

पार्लरमध्ये पडलेले केस मी रोज संध्याकाळी झाडून काढते. किस्से मात्र झाडून जात नाहीत, कोपऱ्यात साठतच राहतात. त्यातही आमच्या उमेशअण्णांनी सिनेमा काढला तेव्हाचे तर एवढे साठलेत, की आयब्रो करता करता एखादा तोंडातून निघतोच. मग गिऱ्हाईक हसतं आणि आयब्रो वाकडी होते. दोष अण्णांचा, बोलणी मला.

अण्णा बसवकल्याणात लग्नाचे व्हिडिओ काढतात. मी नवरी नटवायची आणि त्यांनी ती कॅमेऱ्यात धरायची, अशी आमची जुनी जोडी. सीझन संपला की अण्णा रिकामे, आणि रिकाम्या अण्णांचा भरवसा नाही. त्यांनी मोबाईलवर कुठल्याशा बर्फाच्या मुलखातल्या जुन्या देवांच्या गोष्टी वाचल्या. तिथं एक विजेचा देव असतो. राक्षस त्याचा हातोडा पळवतो आणि बदल्यात नवरी मागतो. मग देव स्वतःच नवरी बनून जातो, हातोडा हाती येताच सगळ्यांना झोडपतो.

"सुवर्णाक्का, ह्यात लगीन हाय," अण्णा म्हणाले. "म्हंजे हे आपलंच पिच्चर हाय. आपला सुपरहिरो हितनंच सुरू होतोय बघा."

* * *

हिरो मिळाला सिद्राम. धान्याच्या गोदामात पोती उचलतो. माझ्याकडचा सगळ्यात मोठा ब्लाउज त्याच्या एका दंडात अडकला, शेवटी मागून उसवून पिना लावल्या. मेकअप, खोटा अंबाडा, मुंडावळ्या, शालू. दोन तास गडी हूं की चूं न करता बसला. आरशात बघून मात्र त्यानं मान खाली घातली.

"कामून रे, आवडलं न्हाई?"

"तसं न्हाई अक्का. माझ्या लग्नात नवरीला उशीर झाला म्हणून मी बायकोवर लई वरडलो होतो. आज घरी जाऊन माफी मागतो."

खरंच मागितली. शालू नेसूनच गेला होता, त्यामुळे बायकोला आधी नवरा ओळखावा लागला.

* * *

हाणामारीचा सीन मुडबीच्या माळावर होता. सिद्रामनं दहा राक्षस लोळवले. धूळ उडालेली, शॉट झकास चाललेला. पण जन्मभराची सवय कुठं जाते? अण्णा एकदम ओरडले, "सगळ्यांनी इकडं बघा, स्माईल!"

मेलेले राक्षस उठले. कपडे झटकून, उंच मागं आणि बुटके पुढं, ओळीत उभे राहिले. एकानं तर नवरीच्या शेजारी जागा धरली. तो शॉट अण्णांनी सिनेमात तसाच ठेवलाय, वर गुलाबाच्या पाकळ्यापण पडतात.

* * *

हातोडा घडवला मुडबीच्या मल्लप्पाकाका लोहारांनी. अण्णांनी बजावलं होतं, "काका, दांडा आखूड पायजे. गोष्टीत लोहाराला ऐन वक्ताला माशी चावली, म्हणून आखूड राहिला."

काकांचा भाता थांबला. "माशी चावली म्हणून माप चुकवणारा लोहार कसला रे? माझा डोळा गेला त्या दिवशीबी विळा मापात होता."

दांडा मापात झाला. देवाच्या गोष्टीतली चूक मुडबीत दुरुस्त झाली.

काकांचा डावा डोळा ठिणगीनं गेला. तेव्हापासून ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिले नाहीत. त्यांच्या रेखाच्या लग्नात मेकअप माझा, शूटिंग अण्णांचं. अक्षता पडतानासुद्धा काका कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला होते. रेखा आता हुमनाबादला असते. माहेरी आली की अण्णांना विचारते, "माझ्या अप्पांचा एक तरी फोटो निघंल का बघा की." अण्णांनी सगळं फुटेज चाळलं. सापडलं एक कोपर. ते मला सांगताना अण्णांचे डोळे भरले होते, आणि माझेही.

* * *

आता राहिला विजेच्या देवाचा बाप. गोष्टीत तो सगळ्या देवांचा राजा, आणि एका डोळ्याचा. अण्णांची काकांना विचारायची छाती होईना, म्हणून मी गेले. चाचरत सगळी गोष्ट सांगितली. शहाणपण मिळावं म्हणून त्यानं विहिरीपाशी आपला डोळा काढून दिला, तेही सांगितलं.

काकांनी निखारे हलवले.

"मग लपून ऱ्हायचा का त्यो?"

"न्हाई काका. मोठ्या खुर्चीवर बसायचा, सगळ्या देवांसमोर."

दुसऱ्या दिवशी काका धुतलेलं धोतर नेसून, लाल फेटा बांधून आले. अण्णांनी लग्नातली नवरा-नवरीची सोनेरी खुर्ची मांडली होती. सीन होता बापानं निघालेल्या नवरीला आशीर्वाद द्यायचा. सिद्राम पाया पडला. काकांनी त्याच्या अंबाड्यावर हात ठेवला आणि मान वर करून सरळ कॅमेऱ्यात बघितलं. त्या दिवशी अण्णा 'इकडं बघा' म्हणायचं विसरले.

शॉट संपला. सिद्राम पदर सावरत उठला. काका खुर्चीवरून हलेनात.

"उमेश, ह्या पोराला जरा बाजूला घे," ते म्हणाले. "आन् रेखाला फोन लाव. म्हणावं, लग्नातला शालू नेसून ये. मी हितंच बसलोय."