वार्सितोच्या नावाचा भात

वार्सितोचे पाय ज्या फणसाच्या ओंडक्यात अडकवले होते, तो त्याच्या बापानेच तासला होता. मशिदीच्या भोंग्यातून सगळे आपल्यालाच शिव्या देतात, असं वार्सितोला ऐकू यायला लागलं. त्याने भोंग्यावर दगड मारले, आणि त्याच आठवड्यात शेळ्यांच्या गोठ्यामागे त्याला जखडून टाकलं. बाप पुढे वारला. ओंडका राहिला.

सुमिनाह लेकाला भरवायची, धुवायची, दर नमाजानंतर त्याच्यासाठी अल्लापुढे हात पसरायची. गावाला सगळं ठाऊक होतं. त्या वाटेने कोणी फिरकत नसे, एवढंच.

मग दवाखान्यातली हेनी नर्स येऊ लागली. "मावशी, भूतबीत काही नाही. आजार आहे हा." तिने सुया टोचल्या, आणि वार्सितोच्या कानातले आवाज हळूहळू निवले. "शुक्रवारी करवत घेऊन येते. पाय मोकळे करू."

"बू," वार्सितो आईला म्हणाला, "माझी विजार धुऊन ठेव. लुंगीत बसून कंटाळलो."

त्याच आठवड्यात त्याच्या धाकट्या बहिणीला, लास्त्रीला, मागणी आली. आधीचं स्थळ "वेड रक्तातून उतरतं" म्हणून मोडलं होतं. ही होणारी विहीण, कोमारिया, दूरच्या गावची, मायाळू बाई. तिने सहज विचारलं, "थोरला कुठं असतो?"

"तो गेला, विहीणबाई." सुमिनाहच्या तोंडून निघून गेलं.

कोमारियाचे डोळे भरले. "अगंबाई! मग त्याच्यासाठी प्रार्थना केल्याशिवाय लग्न कसं काढायचं? गुरुवारी जप ठेवू. येणाऱ्यांना वाटायचे भाताचे डबे माझ्याकडून."

सुमिनाहने तोंड उघडलं. पडद्याआड लास्त्री उभी होती. तिच्याकडे पाहून सुमिनाहने ते मिटलं.

गुरुवारी दिवेलागणीला गावचे पुरुष अंगणात चटयांवर बसले. वार्सितोला जखडताना ओंडका उचलायला हात लावणारा शेजारी पार्मिनही त्यांत होता. मृतासाठी क्षमा मागताना त्याने सगळ्यांसारखीच मान खाली घातली. जप रंगला, माना डोलू लागल्या. आणि गोठ्यामागून एक खणखणीत आवाज अचूक ठेक्यात येऊन मिसळला. लहानपणी मशिदीत तोच आवाज सगळ्यांच्या पुढे असायचा.

"कोण हो तिकडं?" कोमारियाने विचारलं.

"शेळ्या राखतो," सुमिनाह म्हणाली. "जरा... साधा आहे."

"गळा काय गोड आहे बाई! त्यालाही डबा द्या हं."

सुमिनाहने नेऊन दिला. वार्सितो बोटं चाटत म्हणाला, "कोंबडी झकास झालीय. कोण गेलं गं?"

"लांबचं कोणीतरी."

"अल्ला त्याला माफ करो. उद्या शुक्रवार ना?"

सकाळी हेनी करवत आणि दोन माणसं घेऊन आली. सुमिनाहने बांबूचं फाटक आतून धरून ठेवलं.

"परत जा, पोरी. काल अख्ख्या गावाने त्याला पोचवलं. आता कोणाला सोडवणार?"

"मावशी, तो जिवंत आहे!"

"हळू बोल. विहीणबाई आत चहा घेतायत."

"निदान सुई तरी टोचू दे."

सुमिनाहने नकारार्थी मान हलवली. हेनी करवत आणि माणसं घेऊन परत गेली.

कोमारिया कप घेऊन अंगणात आली. दोरीवर विजार वाळत होती. "ही कोणाची हो?"

"त्याचीच."

"अजून जपून ठेवलीत? देऊन टाका एखाद्या गरिबाला. त्याच्या नावे पुण्य लागेल."

सुमिनाहने विजार काढली, घडी घातली आणि विहिणीच्या हातात दिली.

गोठ्यामागून हाक आली, "बू, हेनीताई आली का?"