कपाळावरचं कुंकू गेलं कुठं?

"भाऊ, मला एवढंच सांगा, पोरीच्या कपाळावरचं कुंकू गेलं कुठं?"

लोधीपुऱ्यातल्या माझ्या स्टुडिओत नवऱ्यामुलाचे मामा उभे होते. शाहपूरचे केळीवाले, आवाज शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. टेबलावर लग्नाचा अल्बम उघडा पडला होता. सगळा ब्लॅक अँड व्हाइट. आमच्याकडे साखरपुड्याला 'कुंकू लावणं' म्हणतात, आणि समोरच्या पानावर नेमका तोच फोटो होता. सासूबाईंचं बोट नवरीच्या कपाळावर, आणि बोटाखाली कपाळ कोरं करकरीत.

"फोटोत आहे मामाजी, दिसत नाही इतकंच."

"मतलब? आहे तर दिसत का नाही?"

आता हे कसं समजवायचं? फोटोतले रंग काढताना कुठला रंग फिका करायचा, कुठला गडद, हे आम्हाला ठरवावं लागतं. लाल फिका केला की चेहरा नितळ होतो, डाग, पुटकुळ्या सगळं जातं. पण कुंकूही लालच. तेही चेहऱ्यात मिसळून जातं.

हे मी नवरीला आधीच सांगितलं होतं. पल्लवी शाळेत शिकवते, पण स्वतः कोणाचं ऐकेल तर शपथ. तिने मोबाइलवर कुठलंसं प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, पाठवलं आणि म्हणाली, "भैया, मला सेम हाच लुक पाहिजे. रंगीत फोटोत आधी शालू दिसतो, मग स्टेज, माणसं सगळ्यात शेवटी." यात ती चुकत नव्हती, म्हणूनच मी तेच सेटिंग वापरलं.

मामा गेले आणि तिचा फोन आला. आवाज रडवेला. "भैया, अल्बम घरी आला तेव्हापासून मम्मीजी माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, कोऱ्या कपाळाची सून घरात आणली. प्लीज, काहीतरी करा ना."

मग बसलो. एकेका फोटोत फक्त कुंकवाची जागा धरून ती गडद केली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नवीन प्रिंट पाहून मामा म्हणाले, "हे तर काळं झालं! काळं कुंकू कोण लावतं? तेवढं लाल करून टाका."

बाकी सगळं काळंपांढरं आणि मध्ये लालभडक ठिपका! ते ऐकून पल्लवी फोनवरच ओरडली, "बिल्कुल नाही!" मामा म्हणाले, "मग सगळेच रंगीत द्या." माझं डोकं फिरलं. "आता सासूबाईंनाच घेऊन या," मी म्हणालो. "त्या म्हणतील ते करतो."

त्या आल्या, पल्लवीही आली, पण दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या. मी तोच फोटो आधी रंगीत दाखवला. मागे गुलाबी फुगे, जरीचा लखलखाट. "छान आहे," त्या कोरडेपणाने म्हणाल्या. मग नवीन ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट समोर ठेवली. त्यांनी ती उचलून डोळ्यांजवळ धरली.

"मी रडत होते का तेव्हा?"

"हो काकू."

"कोणाच्या लक्षातच नाही आलं." मग हळूच, "ही पण माझ्याकडेच बघते आहे."

"पण ताई, कुंकू काळं..." मामांनी पुन्हा सुरू केलं.

"तू गप बस. कुंकू मी माझ्या हाताने लावलंय. लाल होतं की काळं, ते मला ठाऊक आहे." आणि सुनेकडे वळून म्हणाल्या, "चल पल्लवी, घरी जाऊ. स्वयंपाक पडलाय."

पल्लवी तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. फुकटात अख्खा अल्बम दुसऱ्यांदा छापून मला मात्र रडूच येत होतं.

आता ब्लॅक अँड व्हाइटचं बुकिंग आलं की मी नवरीला एकच गोष्ट सांगतो. सॅम्पल बघायला येताना सासूला सोबत आण.