पाण्याच्या दिवशीची वाकळ

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाकळ पिळली.

शनिवार होता. लातूरला आमच्या भागात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, ते शनिवारी. त्यामुळं जड धुणं शनिवारीच. वाकळ म्हणजे आमची गोधडी, जुन्या लुगड्यांची, चार पदरी. भिजली की एकट्याला उचलत नाही. गच्चीवर एक टोक तिनं धरलं, एक मी. ती जिकडं फिरवत होती तिकडंच मीही फिरवत राहिलो. पीळ बसेना.

"आवं, उलटं फिरवा की. चाळीस वर्षं झाली, आजून सांगावं लागतंय."

"तूच फिरव उलटं."

"हाव. मीच फिरवते. मोंढ्यात पोती उचलली म्हणं आन वाकळ पिळता येईना."

वाकळ पिळली, तारेवर टाकली. ती खाली गेली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली. मळता मळता कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी आणखी काही विचारलं नाही. विचारून काय करणार होतो.

वाकळ दर आठ दिवसाला का धुवायची, ते सांगतो. मी आयुष्यभर धान्याच्या मोंढ्यात हमाली केली. तुरीची, सोयाबीनची पोती. त्या धुळीनं छातीत दमा बसला. डॉक्टर बोलले होते, अंथरूण-पांघरूण आठवड्याला धुवा, कडक उन्हात वाळवा. माझ्या ते लक्षातही राहिलं नाही. तिनं लक्षात ठेवलं.

आता आमच्या गच्चीवरच्या यंत्राचं. एका टेलिफोनच्या कंपनीची लांबच्या शहरात प्रयोगशाळा आहे. तिथं फोनच्या आणि कॉम्प्युटरच्या नव्या गोष्टी शोधून काढतात. त्यांना बघायचं होतं की जमिनीत वायर न पुरता, हवेतून, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर नेट कसं जातं. ऊन, धूळ, पाऊस, धुकं यात किती जातं, किती गळतं. त्यासाठी वर्षभर मोजायचं. आमची गच्ची उंचावर, समोर अडथळा नाही, म्हणून आमची निवडली. एक खांब रोवला, त्यावर ताटाएवढी थाळी, खाली एक डबा. डब्याला दिवा. हिरवा असला की ठीक, लाल झाला की नेट पोहोचत नाही. भाडं नाही, पण घरात नेट फुकट. आमची लेक नांदेडला असते. तिचं लेकरू रोज संध्याकाळी फोनवर दिसायचं. माझ्या बायकोला तेवढंच पुरे होतं. खरं तर मलाही.

यंत्राचं काम बघायला प्रयोगशाळेतून एक इंजिनिअर पोरगी यायची, दोन-तीन महिन्यांनी. मूळची धर्माबादची, त्यामुळं बोलणं आमच्यासारखं. ती आली की आधी गच्चीवर, मग आमच्या चुलीपाशी. बायकोला मावशी म्हणायची, मला काका. लॅपटॉप उघडून नेट किती पोहोचलं त्याच्या रेघा दाखवायची. मी चौथी शिकलो, पण रेघ वर आहे का खाली एवढं कळतं.

एकदा ती म्हणाली, "मावशी, तुमच्या गच्चीनं डोकं फिरवलंय. दर शनिवारी दहाच्या सुमाराला रेघ धाडकन खाली येते. मग हळूहळू वर चढते, आजारी माणूस उठल्यासारखी. दुपारपर्यंत चढत राहते."

"मग?" बायकोनं विचारलं.

"मग काय. आम्ही शोधून काढलं. शनिवारी तुमच्याकडं पाणी येतं. सगळ्या गल्लीच्या मोटरी एकदम सुरू होतात. करंट पडतो, यंत्र दबतं. फक्त एक कळत न्हाई. मोटरी तासाभरात बंद होतात, रेघ मात्र तीन-तीन तास घेते. आन शनिवारी पाऊस असला तर रेघ पडतच न्हाई. पावसात पडायला पाहिजे, तुमच्याकडं उलटंच."

 पोरगी गेल्यावर बायको मला वर घेऊन गेली. तार थाळीच्या अगदी समोरून जाते. खांब बसवणाऱ्या माणसाला तिनं तेव्हाच विचारलं होतं, तार काढू का. तो म्हणाला होता, राहू द्या. शर्ट-साडी टाकली तर दिव्याला काही होत नाही. ती म्हणाली, "बघा." साठवणीच्या पाण्यात तिनं वाकळ भिजवली होती, ती आम्ही तारेवर टाकली. दिवा लाल. बाजूला सरकवली, हिरवा. परत टाकली, लाल.

"मोटरी न्हाईत. ही हाय," ती म्हणाली. "वाळत जाते तसा तो चांगला होत जातो. पाऊस असला की मी वाकळ धूतच न्हाई. पोरीला सांगते."

मी म्हणलं, "गप बस."

"का? ती बिचारी मोटरीच्या मागं लागलीय."

"सांगितलं की म्हणतील वाकळ काढा, न्हाईतर यंत्र काढतो. तिकडच्या भिंतीला सावली हाय, तिथं वाळत न्हाई. ओली राहिली की मला खोकला. आन यंत्र गेलं तर लेकरू कसं दिसल? तिला पगार मिळतो, शोधू दे तिचं ती."

तिनं दोन शनिवार सावलीच्या भिंतीला टाकून बघितली. वाळली नाही, वास आला, मी रात्रभर खोकलो. तिसऱ्या शनिवारी परत तारेवर. पोरीला सांगण्याचं तिनं त्यानंतर दोनदा काढलं. दोन्ही वेळा मी तेच बोललो. नंतर काढलं नाही. ती माझं ऐकायची. दुसरं कुणी ऐकायचं नाही, त्यामुळं मला तिला गप्प करायची सवय लागली होती. हे मी आता सांगतो, तेव्हा कळत नव्हतं असं नाही.

ती गेल्यावर लेक येऊन राहिली, मग नांदेडला परत गेली. मला चल म्हणत होती. मी गेलो नाही. वाकळ बायकोच्या शेवटच्या धुण्याची, तीच अंगावर घेत होतो. धुतली नाही. छातीत घरघर वाढली.

दीड महिन्यानं एका शुक्रवारी यंत्रवाली पोरगी आली. तिला माहीत नव्हतं. जिन्यातूनच हाक मारली, "मावशी, चहा टाका." मी सांगितलं. ती पायरीवर बसली.  मग मीच चहा केला. साखर जास्त झाली. तिनं पिला.

मग तिनं सांगितलं की ती यंत्र काढायला आलीय. मी विचारलं, का. तिनं लॅपटॉप उघडला. दीड महिन्यापासून रेघ सपाट. शनिवारी पाणी येतं, मोटरी चालतात, पण रेघ खाली येत नाही.

"मोटरीचं मी लिहून दिलं होतं काका. वर्षाचं काम. मोठ्या साहेबांसमोर उभं राहून सांगितलं होतं. आता ते म्हणतात, मोटरी चालू आहेत आणि रेघ पडत नाही, म्हणजे मोटरीचं खोटं. यंत्रच पहिल्यापासून खराब असणार. लातूरचं सगळं फेकून द्या. वर्षभराचं. पावसाचं, धुक्याचं, सगळं."

"आन तुझं?"

"माझं काय. दुसऱ्या कामाला लावतील. माझ्या हातचं मोजलेलं परत कुणी धरणार न्हाई." मग म्हणाली, "तुम्ही लई खोकताव काका. औषध चालू हाय ना?"

मी हो म्हणलं. कपबशा उचलून मोरीत ठेवल्या. आणखी तोंड उघडलं असतं तर सांगावं लागलं असतं की हे आम्हाला माहीत होतं, एकीला सांगायचं होतं आणि दुसऱ्यानं सांगू दिलं नाही. ते तोंडातून निघेना. ती म्हणाली, सकाळी माणसं घेऊन येते, खांब उतरवायला. लॉजवर गेली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. पाणी आलं. मी वाकळ बादलीत दाबली, साबण लावला, पायानं तुडवली. धाप लागली, बसलो, परत तुडवली. वाटेत दोनदा बसत ती ओढत गच्चीवर नेली. पिळायला दुसरं माणूस नाही. एक टोक कंपनीच्या खांबाला बांधलं आणि दुसरं टोक धरून फिरवत गेलो. खांब उलटं फिरवत नाही, पण हलतही नाही. पीळ बसला. पाणी निघालं. तारेवर टाकली.

दिवा लाल झाला.

मी पोरीला फोन लावला. म्हणलं, "ये. माणसं खालीच थांबू दे. लॅपटॉप घेऊन वर ये."

ती आली. आधी दिव्याकडं बघितलं, मग वाकळीकडं. लॅपटॉप उघडला. रेघ खाली होती. मी वाकळ बाजूला सरकवली. रेघ वर गेली. परत पुढं ओढली. खाली. तिनं मला चार-पाच वेळा करायला लावलं, दर वेळी घड्याळ बघून लिहून घेतलं. हसली नाही, रागावलीही नाही.

"काका, हे तुमच्या कधी ध्यानात आलं?"

"माझ्या न्हाई. तिच्या. तू मोटरीचं सांगून गेलीस त्याच दिवशी. तिला तुला सांगायचं होतं. मी सांगू दिलं न्हाई."

"का?"

मी सांगितलं. खोकला, सावलीची भिंत, लेकरू. सगळं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मावशीनं वाळायला लागणारा वेळ पण बघितला होता?"

"उन्हाळ्यात दोन तास, थंडीत चार. कोपरे शेवटी वाळतात."

तिनं तेही लिहिलं. मी म्हणलं, "साहेबाला लिहिशील तेव्हा हे कुणी शोधलं ते लिही. माझं नको." तिनं नाव विचारलं. मी सांगितलं. लग्नानंतर बायकोचं नाव मी तोंडानं घेतलं नव्हतं. पोरीनं लिहून घेतलं आणि बरोबर आहे का म्हणून मला दाखवलं. मी अक्षर लावून वाचलं. बरोबर होतं.

खाली माणसं हाका मारत होती. तिनं वरूनच त्यांना थांबायला सांगितलं आणि "यंत्र खराब न्हाई, हे साहेबाला सांगते," म्हणून फोन लावायला जिन्यात गेली. ऊन सरकलं होतं. वाकळीचा वरचा पदर वाळला होता, खालचा ओला होता. मी ती उलटी करून टाकली.