कवळीताईंनी ब्लेड घेतली

कवळीताईंचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. त्या दातांच्या कवळ्या बनवायच्या. दवाखान्यातून साचे यायचे, ताई त्यांच्यावर मेण चढवायच्या, दात लावायच्या, गुलाबी हिरड्या घडवायच्या. मग काही दिवसांनी एखादे आजोबा रस्त्यात थांबून त्यांना मुद्दाम हसून दाखवायचे. अर्धी गल्ली वन्संच्या दातांनी हसते, असं त्यांच्या वहिनी म्हणायच्या. ते खोटं नव्हतं.

गेल्या वर्षी ताईंनी कामाची खोली एकाएकी बंद केली. विचारेल त्याला सांगितलं, "कंटाळा आला." खरं कारण डोळ्यांचं होतं. समोर बघितलं की नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग यायचा. कडेचं सगळं दिसायचं, दार, खिडकी, खुर्चीचा पाय, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलेलं. डॉक्टरांनी सांगितलं की डाग वाढेल, कडा मात्र राहतील. कडा बघून दात बसवता येत नाहीत. ताईंनी हत्यारं पुसून डब्यात ठेवली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

वहिनींना तर मुळीच नाही. वहिनी म्हणजे ताईंच्या थोरल्या भावाची बायको, राहायला वरच्याच मजल्यावर. बाई मनाने लोणी, पण तोंडात तीळ भिजत नाही. सकाळी त्यांच्या कानात घातलेली गोष्ट दुपारी दूधवाल्याकडून आपल्यालाच ऐकायला मिळायची.

या दोघी दर शनिवारी गोल्फ खेळायच्या. दोघी साठी ओलांडलेल्या, त्यामुळे हे ऐकून लोक आधी हसायचे. पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. दादा, म्हणजे ताईंचे भाऊ, गावाच्या गोल्फच्या मैदानावर गवताची देखभाल करायचे. कामगारांच्या घरच्यांना तिथे फुकट खेळता यायचं, आणि फुकटची गोष्ट सोडणं या घराच्या रक्तात नव्हतं. दादांनीच दोघींना शिकवलं. त्यांचा एक नियम होता. चेंडू मारला की मान लगेच वर करायची नाही. कुठे गेला ते आधी हाताला विचारायचं, तोंडाने सांगायचं आणि मगच बघायचं. "डोळा मागाहून साक्षीला," असं ते म्हणायचे. दादा जाऊन काही वर्षं झाली, तरी दोघींचा शनिवार चुकला नव्हता.

वहिनींनी आयुष्यभर बालवाडीत शिकवलं होतं. शेपूट काढायला विसरलेल्या कुत्र्याच्या चित्रालासुद्धा त्या "छान!" म्हणत आल्या होत्या. ती सवय मैदानावरही सुटली नव्हती. ताईंनी मारलेला चेंडू हवेत गेला की वहिनींचं सुरू, "छान गेला हो! मधोमध!" ताईंना चेंडू पडताना दिसत नव्हताच. मारतानाही त्या चेंडूच्या शेजारच्या गवताकडे बघून मारायच्या. त्यामुळे वहिनी सांगतील ते खरं मानून चालायचं. वहिनी लगबगीने पुढे जायच्या, आणि ताई पोचेपर्यंत चेंडू खरंच मधोमध, छोट्या गवतावर पडलेला असायचा.

एवढ्यावर सगळं ठीक चाललं असतं. अडचण एकच होती. डोळे अधू होत चालले तसतसा ताईंचा खेळ सुधारत चालला. झाडीत चेंडू जाईना. ओढ्यात तर नावाला पडेना. दादांच्या वेळी दोन्ही डोळे शाबूत असताना त्या जितक्या वाईट खेळायच्या, तितकंही आता त्यांना जमेना. ताई भोळ्या नव्हत्या. खोटे दात खऱ्यासारखे दिसावेत म्हणून त्यांनी उभा जन्म घालवला होता. खऱ्यापेक्षा सुंदर दिसणारा दात खोटा असतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

छडा लागला तो एका दाण्यामुळे. आपला चेंडू ओळखता यावा म्हणून ताई आपल्या प्रत्येक चेंडूवर कवळीच्या गुलाबी मसाल्याचा बारीक ठिपका लावायच्या. डोळ्याला नाही दिसला तरी नखाला लागेल असा, मोहरीएवढा उंच. एका शनिवारी त्यांनी शेवटच्या खळग्यातून आपला चेंडू काढला आणि सहज त्याच्यावरून अंगठा फिरवला. चेंडू गुळगुळीत होता. घरी आल्यावर त्यांनी तो खिडकीत धरून कडेच्या नजरेने निरखला. गुलाबी ठिपका होता, अगदी जागच्या जागी. पण नेलपॉलिशचा होता. दिसायला हुबेहूब आणि हाताला सपाट.

म्हणजे वहिनी खिशात चेंडू घेऊन फिरत होत्या. ताईंचा खरा चेंडू झाडीत सोडून देत होत्या आणि दुसरा मधोमध टाकत होत्या.

ताईंना आधी राग आला. मग वहिनी रात्री चष्मा लावून चेंडूंवर नेलपॉलिश लावत बसल्या असतील, हे डोळ्यांसमोर आलं आणि हसू फुटलं. हसून झाल्यावर जे उरलं ते मात्र वाईट होतं. आपण खेळत नाही, आपल्याला खेळवलं जातंय. शिशुवर्गातल्या पोरासारखं. असं खेळण्यापेक्षा पिशवी देऊन टाकलेली बरी. कामाची खोली बंद केली तशी हीही बंद. पण त्याआधी एकदा बघायचं ठरलं. चेंडू कुठे गेला ते हाताला अजून कळतं का? कळत असेल तर खेळायचं, नसेल तर संपलं.

त्यांची जुनी आयर्न, म्हणजे चेंडू मारायच्या लोखंडी तोंडाच्या काठ्या, या कामाची नव्हती. ती मोठ्या तोंडाची, मागून पोकळ, ओतीव होती. चेंडू कडेला लागो की मधे, हाताला सगळं सारखंच. सुखाची होती, पण मुकी. म्हणून ताई वहिनींना घेऊन दुकानात गेल्या आणि म्हणाल्या, "ब्लेड दाखवा. पातळ तोंडाची, घडीव."

दुकानदार सभ्य माणूस होता. त्याने आधी ताईंकडे बघितलं, मग वहिनींकडे. "ताई, ब्लेड फार कडक असतात हो. तोंड एवढंसं. जरा चुकलं की हात झिणझिणतो. तुम्हाला ही मोठी देतो, ही चुका पोटात घालतात."

"चुका पोटात घालणारं माणूस आहे माझ्याकडे," ताई म्हणाल्या. "मला चुगली करणारी हवीत."

वहिनींनी पर्स मांडीवर घट्ट धरली. "वन्सं, अहो हे आयर्न आहे की सुरी? आणि चांगला चाललाय की तुमचा खेळ! हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?"

 ताईंनी पर्समधून निळ्या कागदाच्या पट्ट्या काढल्या. कवळी तोंडात घालून हा कागद चावायला लावला की कुठला दात उंच लागतो तिथे निळा डाग उठतो. ताईंनी एक पट्टी मोठ्या आयर्नच्या तोंडावर चिकटवली, दुकानातल्या सरावाच्या जाळीसमोर उभ्या राहिल्या आणि चेंडू मारला.

"मधे लागला," त्या म्हणाल्या.

दुकानदाराने डाग बघितला. "नाही ताई. पार टोकाला."

मोठ्या तोंडाच्या आयर्नने त्यांनी आणखी मारलं. दर वेळी त्यांना मधेच लागल्यासारखं वाटायचं, आणि डाग गावभर. मग ब्लेड आलं. पाठीमागे खोबण नाही, वरची कड पातळ, खालचा तळ अरुंद. हातात घेताच वजन सरळ बोटांत उतरलं. पहिल्याच फटक्याला कोपरापर्यंत कळ गेली. वहिनी "अगं बाई!" म्हणून खुर्चीतून उठल्या.

"टाचेला, दांड्याजवळ. खाली," ताई म्हणाल्या.

दुकानदाराने वाकून बघितलं. "बरोबर."

"आता टोकाकडे. फार नाही."

"बरोबर."

ताईंनी पुढचा फटका मारला. हाताला काही लागलंच नव्हतं. ताज्या लोण्यातून सुरी जावी तसं. दुकानदाराने डाग बघितला, तो अगदी मधे होता.

मग खरी निवड सुरू झाली, आणि ताईंनी दुकानदाराचा जीव नकोसा केला. एका संचाचा तळ त्यांना धारदार वाटला, गवतात रुतेल असा. दुसऱ्याचा दांडा जड होता. तिसरा बरा वाटला, पण मारताना त्याची टाच जमिनीला आधी टेकत होती. दुकानदार म्हणाला, "दांड्याचा कोन मी पकडीत धरून वाकवून देतो. घडीव आहे, वाकेल. ओतीव असतं तर हमी देता आली नसती." यावर ताईंनी मान हलवली. कवळीचे तारेचे आकडे वाकवता येतात, ओतलेले तडकतात, हे त्यांना पाठच होतं. आपल्या धंद्यातलं बोलणारा माणूस भेटला की ताईंचा विश्वास बसायचा. तिसरा संच ठरला.

घरी येताना वहिनी गप्प होत्या. वहिनी गप्प असणं ही काही साधी गोष्ट नव्हती.

शनिवारी ऊन स्वच्छ होतं. ताईंनी नवं ब्लेड काढलं, शेजारच्या गवताकडे बघत मारलं, आणि मान खालीच ठेवून म्हणाल्या, "उजवीकडे. आखूड. झाडीत."

"छे हो! छान गेलाय, मधो..." वहिनी पुढे निघाल्यासुद्धा.

"वहिनी, थांब. इकडे ये. डोळे मीट आणि हात पुढे कर."

वहिनींनी मुकाट्याने हात पुढे केला. ताईंनी तळव्यावर दोन चेंडू ठेवले. "अंगठा फिरव. माझा कुठला?"

वहिनींनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. "ह्याला दाणा आहे," त्या म्हणाल्या. मग दुसऱ्या चेंडूवर त्यांचा अंगठा थांबला, आणि चेहरा उतरला. "हात लावून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"तुला दिसतं ना, म्हणून," ताई म्हणाल्या. "कधीपासून ठाऊक आहे?"

"तुम्ही खोली बंद केलीत तेव्हापासून. कंटाळा येणाऱ्यातल्या तुम्ही आहात का? आणि हल्ली माझ्याशी बोलताना तुम्ही माझ्या कानाकडे बघता."

ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही त्या बाईने वर्षभर हे पोटात ठेवलं होतं. दूधवाल्यालाही पत्ता नव्हता. 

"मग बोलली का नाहीस?" ताईंनी विचारलं.

"तुम्ही बोलला नाहीत!" वहिनींचा आवाज चढला आणि लगेच फुटला. "बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, दिसत नाही, आता बंद. हे गेले, बालवाडी सुटली. तुम्हीही बंद केलंत तर शनिवारी मी कुठे जाऊ? भिंतीशी बोलू?"

"मी बंद करणारच होते," ताई म्हणाल्या. "पण डोळ्यांमुळे नाही. ह्या नेलपॉलिशमुळे."

वहिनींनी रुमालाने डोळे पुसले. ताईंना त्या क्षणी त्यांची फार माया वाटली आणि तितकाच रागही आला. दोन्ही खरं होतं.

"आता ऐक. मी मारणार, कुठे गेला ते मी सांगणार. तू बघायचं आणि हो किंवा नाही म्हणायचं. छान म्हणायचं नाही."

"छान," वहिनी म्हणाल्या, आणि जीभ चावली.

मग त्यांनी खिसे रिकामे केले. पिशवीत चेंडूंचा ढीगच पडला. पुढचा खेळ वाईट झाला, अगदी ताईंना साजेसा. झाडीतला चेंडू सापडलाच नाही. ओढ्यात एक गेला. "ओढ्यात," ताई म्हणाल्या, आणि वहिनी जड तोंडाने "हो" म्हणाल्या. हात झिणझिणत होते. एकदा ताई म्हणाल्या, "डावीकडे," आणि वहिनी म्हणाल्या, "नाही, उजवीकडे." तेही बरंच वाटलं. कुणीतरी नाही म्हणत होतं.

शेवटच्या खळग्याच्या वाटेवर ताईंनी ब्लेड उचललं. वाऱ्याचा अंदाज घेतला, गवताकडे बघितलं आणि मारलं. हाताला काही लागलं नाही. त्यांनी मान खालीच ठेवली.

"मधोमध," त्या म्हणाल्या. "लांब."

 वहिनी चेंडू पडून थांबेपर्यंत बघत राहिल्या असाव्यात.

"हो," वहिनी म्हणाल्या.

दोघी चालत गेल्या. वहिनी या वेळी पुढे धावल्या नाहीत, ताईंच्या बरोबरीने चालल्या. हिरवळीवर ताईंनी चेंडू आत घालायला नको तितके टोले लावले आणि वहिनींनी एकही सोडून न देता सगळे मोजले. मग ताईंनी वाकून खळग्यात हात घातला, चेंडू काढला आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला. दाणा नखाला लागला.