भूगोलाच्या सरांचं घड्याळ

भूगोलाचे सर चिडले की आधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घालायचे. मग बोलायचे, नाहीतर मारायचे. त्यांचा हात घड्याळाच्या पट्ट्याकडे गेला की स्टाफरूममधली मोठ्या तोंडाची माणसं चहाच्या कपात बघू लागत. मला मात्र हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला.

सर पूर्ण्याजवळच्या खेड्यातले, बौद्ध. नामांतराच्या दंगलीत त्यांचं घर पेटवलं, वडिलांना दारातच काठ्यांनी बडवलं. सर मध्ये पडले तेव्हा घड्याळाच्या काचा मनगटात घुसल्या. "मार बसणारच हाय, तर तयारीनं खावा," असं ते हसत सांगायचे. मला हसू यायचं नाही.

सरांसकट आम्ही काही जण कॉलेजात हंगामी प्राध्यापक होतो. उन्हाळ्यात घरी बसवायचे, जूनमध्ये पुन्हा घ्यायचे, तेही संस्थेच्या अध्यक्षांच्या मर्जीने. त्यासाठी पोखर्णीच्या रस्त्यावरच्या त्यांच्या आमराईत एकेकट्याने तोंड दाखवायला जायचं. अध्यक्ष बाजेवर पडूनच विचारत, "तुला ठेवतो, पर काढू कुणाला?" गेलेला माणूस कुणाचं तरी नाव देऊनच उठायचा.

ही रीत सरांनी मोडली. एका जूनमध्ये आम्ही सगळेच्या सगळे आमराईत शिरलो. अध्यक्ष म्हणाले, "एकेकानं या."

"न्हाई," सर म्हणाले. "ठेवायचं तर सगळ्यांना ठेवा. नाव कुणाचंच मिळणार न्हाई." आणि घड्याळ खिशात गेलं.

अध्यक्षांनी गड्यांकडे बघून नुसती मान हलवली. कुऱ्हाडीचे दांडे आमच्या पाठींवर पडू लागले. गणिताच्या सरांचं डोकं फुटलं. भूगोलाच्या सरांनी एकाचा दांडा हिसकावून त्याचाच जबडा फोडला. मग बाकीच्यांनी त्यांना खाली पाडलं, उजवा हात दगडावर धरला आणि मोडला. हाडाचा तो आवाज मी ऐकला. आजही कुठे लाकडं फोडत असले की मी तिथे थांबत नाही.

बातमी पसरली. जिल्ह्यातली कॉलेजं बंद पडली, प्राध्यापक परभणीत रस्त्यावर बसले. अध्यक्ष नमले, पण अर्धेच. सगळ्यांना कायम करू म्हणाले, फक्त जबडा फोडणारा नको. आम्ही दवाखान्यात जाऊन सरांना सांगितलं, तुमच्याशिवाय कुणीच रुजू होणार नाही.

सरांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून ते डाव्या मनगटावरचा पट्टा दातांनी ओढू लागले. ते बघवेना. शेवटी मीच पुढे होऊन घड्याळ काढून दिलं. त्याच हाताची सणसणीत थप्पड माझ्या गालावर बसली.

"तुमी कुणाचं नाव दिलं न्हाई," सर म्हणाले. "माझं मी देतो. जा, रुजू व्हा. आन फुडं कुणाला एकट्याला आमराईत जाऊ देऊ नका."

त्यानंतर कुणी एकटा गेला नाही. सर मरेपर्यंत पूर्ण्याला शिकवण्या घेत राहिले, डाव्या हाताने फळ्यावर वाकडेतिकडे नकाशे काढत. मी त्याच कॉलेजातून निवृत्त झालो. दर महिन्याला पेन्शन आली की माझा तो गाल तापतो.