शेख मुसल्लम: गोठ्यातून वालीपदाकडे

ओमानमधल्या सलालाच्या विमानतळावर मला घ्यायला शेख मुसल्लम स्वतः आले होते. पिकअपच्या मागच्या भागात आई गेलेले एक वासरू बांधलेले होते. "डॉक्टर, सामान पुढे घ्या. मागे पाहुणा बसलाय," ते हिंदीत म्हणाले. मी रत्नागिरीकडचा पशुवैद्य, नोकरीचा पहिला दिवस, आणि माझे अर्बाब, म्हणजे मालक, वाटेत गाडी थांबवून वासराला बाटलीने दूध पाजत होते.

डोंगरावरचा तो कळप दोघा भावांचा होता. शेखसाहेब बाजार आणि व्यवहार पाहत, धाकटे सईद गाईंसोबत राहत. उन्हाळ्यात गवत संपले की गाईंना वाळवलेली तारली मासळी खाऊ घालत. कोकणातला असूनही मला त्याचे नवल वाटे. संध्याकाळी दोघे भाऊ शेजारी बसून धारा काढत आणि एकमेकांची थट्टा करत.

गेल्या दशकाच्या सुरुवातीला शेखसाहेबांची वाली म्हणून नेमणूक झाली. वाली म्हणजे सरकारने नेमलेला त्या प्रांताचा प्रमुख अधिकारी. ते जायला तयार नव्हते. सईदच म्हणाले, "जा तू. गाई मी सांभाळतो. लोकांना ऐकून घेणारा माणूस हवाय."

आणि त्यांनी खरोखरच लोकांचे ऐकून घेतले. माझे वडील वारल्याचा फोन आला तो शुक्रवार होता, तिकडचा सुट्टीचा दिवस; व्हिसाच्या कामाला दिलेला पासपोर्ट बंद कचेरीत अडकलेला. वालीसाहेबांनी कारकुनाला घरून बोलावून कचेरी उघडवली आणि मला विमानतळावर सोडायला स्वतः आले. "वडिलांना खांदा द्यायला पोहोचाल, इन्शाल्ला," एवढेच बोलले. मी पोहोचलो. आज मस्कतला असलेल्या आम्हा मराठी मंडळींपैकी अनेकांपाशी त्यांची अशी एखादी आठवण आहे. त्यांच्या पंच्याहत्तरीचा हा गौरवग्रंथ त्यातूनच निघतो आहे.

पण गौरवाच्या लेखात फक्त गोड तेवढेच लिहिले तर ते त्यांनाच रुचणार नाही.

डोंगरावरचे गवत वर्षानुवर्षे विरळ होत चालले होते. गुरे कमी करा, असा आदेश निघाला आणि तो लोकांच्या गळी उतरवण्याचे काम वाली म्हणून त्यांच्यावर आले. "दुसऱ्याला सांगण्याआधी माझा कळप," असे म्हणून त्यांनी मला गाई निवडायला बोलावले. ट्रक गोठ्याशी उभे राहिले तेव्हा सईद डोंगरावरून धावत खाली आले. त्यांना काहीच माहीत नव्हते.

"तुला खुर्ची मिळाली, आणि गाईंना खाटीक?" ते ओरडले.

"सरकारी हुकूम आहे, सईद."

"मग हुकूमच घेऊन बस घरी."

गाई चढवल्या गेल्या. त्या दिवसापासून सईद भावाशी बोलले नाहीत. काहींनी गुरे विकली, बहुतेकांनी नाही. पुढे शेखसाहेबांची मुदत संपली, आदेशही ढिला पडला आणि इतरांचे कळप पुन्हा पूर्वीइतके झाले. या भावांचा मात्र झाला नाही.

मुलांच्या शाळेसाठी मी मस्कतला अल् घुब्रा भागात राहायला आलो, तरी सलालाला जाणेयेणे सुरूच राहिले. सईद अंथरुणाला खिळल्याचे कळले तेव्हा मी सलालातच होतो. शेखसाहेब मला घेऊन त्यांच्या दाराशी गेले. आतून पुतण्याने निरोप आणला, "बाबा झोपलेत." आतून खोकल्याचा आवाज येत होता. शेखसाहेब गाडीत येऊन बसले.

"हुकूम चुकीचा नव्हता, डॉक्टर," ते म्हणाले. "पण कळप दोघांचा होता. सगळ्या प्रांताचे ऐकून घेत होतो आणि भावाला साधे विचारलेही नाही. यल्ला, चला."

त्याच आठवड्यात सईद गेले. जनाज्याच्या नमाजात शेखसाहेब मागच्या रांगेत उभे होते. पुढे या, असे त्यांना कुणी म्हटले नाही.

आता ते डोंगरावरच्या घरी राहतात. गुडघे दुखतात, नजर मात्र तीक्ष्ण आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच्या हाताने कॉफी ओततात. पुतण्यांची घरे समोरच्या उतारावर आहेत, ओट्यावरून दिसतात. ते अजून येत नाहीत.

आम्हा सर्वांच्या अर्बाबांना निरोगी, शांत आणि भरपूर आयुष्य लाभो. इतके भरपूर, की समोरच्या उतारावरून कुणीतरी चालत यायला वेळ पुरेल.