अक्कासाठी राखून ठेवलेला अखेरचा अंक

आम्हाला भाऊ नव्हता. बहुतेक म्हणूनच चित्रकथेतला तो मुखवटेवाला आमच्या घरात इतका लाडावला. वडील शहाद्याच्या बाजाराला गेले की महिन्यातून एकदा एसटी स्टँडजवळच्या दुकानातून त्याचा चित्रांचा अंक आणायचे. हवेत उडणारा, एका ठोशात भिंत पाडणारा, अडल्यानडल्याला धावून जाणारा गडी! आठ वर्षं हे वेड चाललं. आई म्हणायची, या मेल्यापायी पोरींना चूल सुचत नाही. खरंच सुचत नव्हती.

वाचायची मी. अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, पण तिला चौथीतूनच काढलेलं. शिवाय तिचे हात कधी रिकामे नसायचे. कापसाची बोंडं सोलता सोलता ती ऐकायची. अंकातली भाषा शाळेतली, इस्त्री केलेली. ती मी जागच्या जागी अहिराणीत करून सांगायची. श्वास घ्यायला थांबले तरी अक्का खेकसायची, "मंग काय व्हयनं? वाच ना वं!" मीही काही कमी नव्हते. मुद्दाम पान झाकून पाणी प्यायला जायची.

मग अक्काचं लग्न झालं. तापीपलीकडे दिली तिला. गाडीत बसताना डोळ्यांना धार लागलेली, आणि माझ्या कानात सांगते काय, तर "एकली वाचजो नको हां. आखाजीले येस मी."

माघात वडिलांनी जो अंक आणला, त्याच्या मुखपृष्ठावर तांबड्या अक्षरांत छापलं होतं: अखेरचा अंक. मुखवट्यामागे कोण आहे ते यात कळणार होतं. मी तो अंक गोधडीत गुंडाळून पेटीच्या तळाशी टाकला. तीन महिने! रोज पेटी उघडायची, वरून हात फिरवायची, स्वतःलाच शिव्या घालून झाकण लावायची. शेवट मला हवा होताच, पण अक्काशिवाय नको होता. इतकी आठवण तर मला ती गेली त्या दिवशीही आली नव्हती.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. भाऊ मुऱ्हाळी म्हणून आणायला जातो. आमच्याकडे वडीलच गेले. गावात निंबाला झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या. अक्का आली ती निम्मी होऊन. जेवणं झाली, आई शेजारी गेली, आणि मी अंक घेऊन तिच्याजवळ चटईवर बसले. "वाच, मी ऐकस," ती म्हणाली. पहिलं पान संपलं. मी मुद्दाम थांबले. बघते तर झोपलेली.

असा राग आला म्हणता! तीन महिने मी मन मारून बसले, आणि ही बाई भर दुपारी घोरतेय. मी तिचा खांदा गदागदा हलवला.

ती ताडकन उठली. डोळे मिटलेलेच, पण हातानं आधी डोक्यावर पदर ओढला. "उनू, आत्याबाई, उनू. चुकी व्हयनी," असं सासूच्या हाकेला ओ दिल्यासारखं म्हणत भिंतीला चिकटून उभी राहिली आणि एक हात तोंडापुढे आडवा धरला, मार चुकवायला धरतात तसा.

"अक्का, मी शे वं," मी म्हटलं. मला ओळखायला तिला जरा वेळ लागला. ओळखल्यावर ती खाली बसली, माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "मायले सांगू नको."

अंक पुढे वाचलाच नाही. सात दिवस ती राहिली, बहुतेक वेळ झोपली, आणि मी आईला सांगितलं नाही. आठव्या दिवशी सासरची गाडी आली, तेव्हा तिचं गाठोडं मीच उचलून गाडीत ठेवलं.